पिंपरीचे पेनिसिलिन आणि देशाचा औषधपुरवठा



देशाच्या पुरवठा साखळ्या सुरक्षित आणि टिकाऊ कशा करायच्या, हा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा खनिज तेल, सेमीकंडक्टर, बॅटरीला लागणारे धातू असावेत. त्यांचे महत्त्व मी मानतो. पण ज्याने आयुष्यभर औषधशास्त्र शिकवले त्याने तेलावर बोलण्यापेक्षा औषधावर बोलावे. म्हणून आज मी एकाच औषधाबद्दल बोलणार आहे. साखळी कशी बनते, कुठे तुटते आणि पुन्हा जोडायची तर तिचा खर्च कोणी उचलायचा, हे सगळे त्या एका औषधाच्या इतिहासात आहे. ते औषध म्हणजे पेनिसिलिन.

संधिवाताच्या तापाने ज्या मुलाच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत, त्याला साधारण दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. बारा लाख युनिटांचे. हा ताप आणणारा जंतू घशात पुन्हा शिरला तर ताप उलटतो आणि प्रत्येक तापासरशी झडप आणखी निकामी होत जाते. ते टाळायचे तर हे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते, काही जणांना चाळिशीपर्यंत. हा गरिबांचा आजार आहे. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात अशा घरांत तो जास्त दिसतो. औषध जुने आहे, पेटंट केव्हाच संपले आहे, किंमत अगदी कमी आहे आणि त्याच्या तोडीचा पर्याय नाही. २०१४ ते २०१६ या काळात जगातल्या ३९ देशांनी या औषधाचा तुटवडा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. त्यामागे युद्ध नव्हते, बंद पडलेली बंदरे नव्हती, साथ नव्हती. त्याची भुकटी बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, बहुतेक चीनमध्ये, आणि एवढ्या स्वस्त औषधासाठी नवा कारखाना टाकायला कोणी तयार नव्हते. इतकेच त्याचे कारण.

आता थोडे मागे जाऊ. फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. मुलगा देवदास गांधी यांच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणले गेले. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी ते देण्यास संमती दिली नाही. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्या निर्णयावर पुष्कळ बोलले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. त्या काळी आपल्या देशात हे औषध हवे असेल तर विमान लागे आणि वरपर्यंत ओळख लागे. ज्यांच्याकडे ती नव्हती त्या लाखो लोकांची नोंदही कुठे नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याच पुण्याच्या शेजारी पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. सरकारी क्षेत्रातला औषधांचा हा पहिला कारखाना. युनिसेफने यंत्रसामग्रीला मदत केली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ दिले आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. केवळ परक्याची कृती गिरवण्यावर तो कारखाना थांबला नाही. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत बुरशीविरोधी हॅमायसिन शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे ठेवले गेले. पिंपरीचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात नोंदले गेले, हे आज पिंपरीतल्या किती मुलांना ठाऊक आहे? शाळेत त्यांना ते शिकवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आता चीनकडे पाहू. हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात सोव्हिएत मदतीने अँटिबायोटिक्सचा प्रचंड कारखाना बांधायला १९५३ मध्ये सुरुवात झाली आणि १९५८ मध्ये तो चालू झाला. म्हणजे पिंपरीचा कारखाना त्याच्या तीन वर्षे पुढे होता. साठ वर्षांनी मात्र जगाच्या पेनिसिलिनची सूत्रे चीनच्या हातात होती आणि पिंपरीत फर्मेंटर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या टाक्या, बंद पडले होते. मधल्या काळात काय घडले, हे नीट समजून घेतले पाहिजे. 'चीनने स्वस्तात विकले आणि आपण बुडालो' या एका वाक्यात ते मावत नाही.

पेनिसिलिन बनते कसे, ते आधी थोडक्यात सांगतो. पेनिसिलियम ही बुरशी पोलादाच्या अवाढव्य टाक्यांमध्ये वाढवतात. तिला साखर लागते, मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे दाट पाणी लागते, फिनाइल ॲसिटिक ॲसिड लागते. टाकीतले मिश्रण अखंड घुसळत ठेवावे लागते आणि त्यातून निर्जंतुक हवा सतत सोडावी लागते. घुसळणारी मोटर आणि हवेचे कॉम्प्रेसर काही दिवस एक क्षणही न थांबता चालले पाहिजेत. वीज गेली किंवा एखादा परका जंतू आत शिरला, तर आख्खी टाकी ओतून द्यावी लागते. म्हणजे हा धंदा विजेचा, वाफेचा आणि मक्याचा आहे. टाकी जितकी मोठी, बुरशीचे वाण जितके सकस आणि वीज जितकी स्वस्त व भरवशाची, तितके पेनिसिलिन स्वस्त. चीनने या तिन्ही गोष्टींवर वर्षानुवर्षे पैसा ओतला. शासनाने हात आखडता घेतला नाही. आपल्याकडे सरकारी कारखान्यांत वाण जुने राहिले, यंत्रे जुनी झाली, निर्णय दिल्लीहून यायला वेळ लागू लागला. कामगार किंवा शास्त्रज्ञ कमी पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण कारखाना आतून थकत चालला होता हे मान्य करावे लागेल.

दुसरे कारण आपल्या यशातच होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या अंतिम पदार्थावरचे पेटंट काढून फक्त प्रक्रियेवर ठेवले. १९७२ पासून तो अमलात आला आणि भारतीय कंपन्यांनी कमाल केली. गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शने बनवण्यात आपण जगात पुढे गेलो. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाहा, किती कंपन्यांच्या गोळ्या तिथून जगभर जातात. पण गोळी बनवण्यात नफा होता, भुकटी बनवण्यात उरत नव्हता. १९९१ नंतर आयात मोकळी झाली, शुल्क उतरले आणि प्रत्येक कंपनीने शहाणा हिशेब केला : चीनची भुकटी घ्या, गोळी आपण बनवा. प्रत्येक कंपनीचा हिशेब तिच्यापुरता बरोबर होता. सगळ्यांचा मिळून मात्र असा परिणाम झाला की २०२० पूर्वी आपण आयात करत असलेल्या बल्क ड्रगपैकी, म्हणजे औषधांच्या भुकट्यांपैकी, सुमारे दोन-तृतीयांश एकाच देशातून येत होते, आणि काही अँटिबायोटिक्सच्या बाबतीत तर जवळजवळ सगळे. पेनिसिलिन-जी, म्हणजे टाकीतून निघणारे मूळ पेनिसिलिन, देशात बनवणारे खासगी कारखानेही एकेक करून थांबले.

साखळीची खोली इथेच संपत नाही. पेनिसिलिन-जीपासून सिक्स-एपीए हा मधला पदार्थ बनतो आणि त्यापासून ॲमॉक्सिसिलिन. तुमच्या घरच्या लहान मुलाला कान दुखला की जे गुलाबी सरबत देतात, ते हेच. पॅरासिटामॉलची भुकटी आपण देशात भरपूर बनवतो आणि तिची निर्यातही करतो, पण ती ज्या पॅरा-ॲमिनोफिनॉलपासून बनते ते बरीच वर्षे मुख्यतः चीनमधून येत राहिले. म्हणजे वेष्टनावर 'भारतात उत्पादित' लिहिले असले तरी आतल्या मालाचा प्रवास त्यावरून कळत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये चीनमधल्या एका कारखान्यात स्फोट झाला. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम या अतिदक्षता विभागातल्या महत्त्वाच्या औषधाची भुकटी तिथून मोठ्या प्रमाणावर जात असे. पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत त्याचा तुटवडा पडला आणि डॉक्टरांना त्याहून जहाल अँटिबायोटिक वापरावे लागले. स्फोटाच्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर २०१६ रोजी, आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवावीत आणि कंपनी खासगी हाती द्यावी. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणाला वाटले नाही. मला ती तारीख विसरता येत नाही, कारण देशाला ज्या कौशल्याची गरज पडणार होती, ते कौशल्य आपण त्या दिवशी जमिनीच्या भावात मोजले.

सूचना मिळाल्या नव्हत्या असे नाही. डॉ. व्ही. एम. कटोच यांच्या समितीने २०१५ मध्येच बल्क ड्रगसाठी स्वतंत्र औद्योगिक वसाहती आणि सवलती सुचवल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये औषधांच्या किमती नियंत्रित करणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने २१ औषधी प्रकारांच्या (फॉर्म्युलेशनच्या) कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. किमती खाली ठेवणे हेच ज्या संस्थेचे काम, तिला किमती वाढवाव्या लागल्या, कारण त्या भावात कोणी औषध बनवायला तयार नव्हते. क्षयाची लस, पेनिसिलिन, कुष्ठरोगावरचे डॅप्सोन असली औषधे त्यात होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा आठ औषधांसाठी तेच करावे लागले.

मग २०२० उजाडले. ३ मार्चला भारताने भुकट्या आणि त्यांपासून बनणारी औषधे मिळून २६ वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यांत पॅरासिटामॉल होते, मेट्रोनिडॅझोल होते, ब-१२ जीवनसत्त्व होते. कोविडच्या साथीत वुहान बंद असल्यामुळे आपल्याकडचा साठा किती दिवस पुरेल याची खात्री नव्हती. त्याच महिन्यात सरकारने ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली. गुजरात, हिमाचल आणि आंध्र प्रदेशात बल्क ड्रग पार्क मंजूर झाले. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. कित्येक वर्षांनी या देशात पुन्हा पेनिसिलिन आंबू लागले. मला त्याचा खरोखर आनंद झाला.

पण पिंपरीही अशीच एकदा सुरू झाली होती. कारखाना उभा करायला पैसे मिळतात, उद्घाटनालाही लोक येतात. सहाव्या-सातव्या वर्षी अनुदान संपते, बाहेरचा विक्रेता भाव पाडतो आणि आपलीच गोळी बनवणारी कंपनी, आपलेच सरकारी रुग्णालय त्या पडलेल्या भावाकडे वळते. तेव्हा काय करायचे हे ठरलेले नसेल, तर काकीनाड्याचा कारखानाही पिंपरीच्याच वाटेने जाईल.

म्हणून माझे मुख्य म्हणणे खरेदीबद्दल आहे. आपल्या सरकारी खरेदीत एल-वन हा शब्द प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे. सर्वांत कमी दराची निविदा जिंकते, बाकीच्यांना काही मिळत नाही. ही पद्धत भ्रष्टाचार रोखण्यासाठी आली आणि तिचा तो हेतू मी कमी लेखत नाही. पण दरवर्षी फक्त सर्वांत स्वस्तालाच काम मिळणार असेल, तर तीन-चार वर्षांत दुसरा आणि तिसरा उत्पादक त्या औषधातून अंग काढून घेतो. उरलेल्या एकाकडे आग लागली, तपासणीत दोष सापडला, किंवा त्याचा भुकटी पुरवणारा थांबला, की साठा संपतो. खरेदी दोघा-तिघांत वाटली पाहिजे, पाच वर्षांच्या हमीवर वाटली पाहिजे, आणि त्या तिघांची भुकटी वेगवेगळ्या ठिकाणाहून येते की नाही हे तपासले पाहिजे. लेबले वेगळी आणि पिंप मात्र एकाच कारखान्याचे, अशी वाटणी कागदावरच राहते. यात दर थोडा चढा पडेल. तो पडू द्यावा. शेतकरी बियाण्याचे पोते उपासाच्या दिवसांतही खात नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात पेरायला काय उरेल हे त्याला कळते.

हे फक्त आपलेच दुखणे नाही, आणि आपण नेहमी सोसणाऱ्याच बाजूला असतो असेही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनचा भीषण तुटवडा पडला. कर्करोगावरचे हे जुने, स्वस्त औषध. कोणत्या रुग्णाला द्यायचे आणि कोणाला थांबवायचे, असे निर्णय तिथल्या डॉक्टरांना घ्यावे लागले. त्याचा उगम गुजरातमधल्या एका कारखान्यात होता. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी तपासनीसांना तिथे गंभीर दोष आढळले आणि उत्पादन थांबले. अमेरिकेच्या गरजेचा मोठा हिस्सा त्या एका ठिकाणाहून जात होता. त्या देशाकडे पैशाची कमतरता नव्हती. तरीही केवळ भाव पाहून खरेदी केल्याने ते आपल्या एका कारखान्यावर विसंबून राहिले.

सुरक्षिततेचा दुसरा अर्थही आहे, आणि मुंबईकरांना तो फार आधी कळायला हवा होता. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरची सूज उतरावी म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादारावर बोट ठेवले, पण तेवढ्यावर न थांबता खरेदी, तपासणी, औषध प्रशासन आणि मंत्रालय अशी पूर्ण वाट उलगडून दाखवली. औद्योगिक वापराचा माल रुग्णाच्या पोटात गेला, तो या वाटेवर कोणीही थांबवला नाही म्हणून. २०२२ मध्ये गाम्बियात भारतीय खोकल्याच्या औषधाचा संबंध मुलांच्या मृत्यूंशी जोडला गेला. २०२५ मध्ये खोकल्याचे औषध घेतलेली छिंदवाड्याची मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि त्यांतली कित्येक वाचली नाहीत. विष तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. देशात बनवले म्हणून औषध सुरक्षित होत नाही. येणाऱ्या प्रत्येक पिंपाची चाचणी करणारा माणूस आणि 'हा माल परत पाठवा' म्हणण्याचा त्याचा अधिकार हे दोन्ही साखळीचेच भाग आहेत. साडेतीन-चार दशकांत आपण तेवढे करू शकलो नाही, याचे मला दुःख आहे आणि रागही आहे.

भुकटीचे कारखाने परत आणायचे म्हणजे त्यांचे सांडपाणीही परत येणार. २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे औषध कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश शास्त्रज्ञांना एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही ते एवढे नसते. अशा पाण्यात जगलेला जंतू पुढे अनेक औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. आपल्याकडे लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीजवळ दाभोळच्या खाडीतल्या मासेमारांनी कित्येक वर्षे मेलेल्या माशांबद्दल तक्रारी केल्या आहेत. देशाला औषधाची हमी हवी म्हणून खाडीवरच्या माणसाने आपले पोट सोडावे, हे मला मान्य नाही. शुद्धीकरणाचा खर्च त्या औषधाच्या किमतीतच धरला पाहिजे आणि तो धरूनही खरेदी झाली पाहिजे.

साठ्याबद्दल थोडेसेच. फिनलंडमध्ये उत्पादक, आयातदार आणि रुग्णालये यांना ठरावीक औषधांचा तीन ते दहा महिन्यांचा साठा ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या हवेत आणि आपल्या गोदामांत तेवढे जमणार नाही, पण आपल्याच देशात तमिळनाडूने १९९० च्या दशकात वैद्यकीय सेवा महामंडळ काढून जिल्हावार गोदामे, बॅचनिहाय चाचणी आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक ही पद्धत बसवली. कोणते औषध कुठे किती उरले आहे हे त्यांना कळते. इतकी साधी माहिती नसेल, तर तुटवड्याची बातमी पहिल्यांदा रुग्णाच्या नातेवाइकाला कळते, खिडकीवरून 'बाहेरून आणा' असे सांगितले जाते तेव्हा.

खर्चाचे म्हणाल तर, ऑस्ट्रियाने तिरोलमधल्या कुंडल इथला, युरोपात उरलेला पेनिसिलिनचा अखेरचा संपूर्ण कारखाना टिकवण्यासाठी २०२० मध्ये ५ कोटी युरो देऊ केले. श्रीमंत देशालाही तो हिशेब पटला. आपल्याला तो अधिक पटायला हवा, कारण आपल्याकडे बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणारी मुले कितीतरी जास्त आहेत.

महाराष्ट्रात २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले आहे. त्याच्याकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. १ जानेवारी २०२३ पासून भुकटीच्या प्रत्येक पिंपावर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो भुकटी कोणी बनवली, कोणत्या बॅचची, हे सांगतो. गोळीच्या पाकिटावरच्या क्यूआर कोडमध्ये मात्र ती माहिती पुढे येत नाही. तिथे गोळी बनवणाऱ्याचेच नाव असते. प्राधिकरणाने निविदेत एक रकाना वाढवावा : या औषधाची भुकटी कोणत्या कारखान्यातून येते आणि ती ज्या मधल्या पदार्थापासून बनते तो कुठून येतो. उत्तर न देणाऱ्याची निविदा उघडू नये. गोळा झालेली माहिती दरवर्षी प्रसिद्ध करावी. सुरुवातीला तीस-चाळीस औषधे पुरेत. ज्यांच्यावाचून रुग्णालय एक आठवडाही चालू शकत नाही अशी निवडावीत आणि त्यांत बेन्झाथिन पेनिसिलिन पहिले असावे. यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. निविदेच्या पुढच्या मसुद्यात ते घालता येईल.